पाण्याखाली उभी असलेली आई

टोक्योत राहायला लागून चार वर्षं झाली तरी कानाझावा हे शहर बघायचं राहूनच जात होतं. खरं तर 2015 पासून शिनकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थेट जाते, जेमतेम अडीच तास लागतात, पण मुहूर्त लागला तो आई साताऱ्याहून आली तेव्हा. केनरोकुएन बाग, सोन्याच्या वर्खाचं आईस्क्रीम हे सगळं केलंच, पण मला तिला दाखवायचं होतं ते बागेच्या जवळचं म्युझियम, 'एकविसाव्या शतकाचं समकालीन कला म्युझियम'. 2004 ला उघडलेली, साना या आर्किटेक्ट जोडीने डिझाइन केलेली काचेची गोल इमारत, साधारण 112 मीटर व्यासाची, आणि तिला पुढची-मागची बाजू अशी नाहीच, कुठूनही आत शिरा.

सकाळी धो धो पाऊस. तिकडे म्हणच आहे की डबा विसरलात तरी चालेल पण छत्री विसरू नका. पावसात तिथल्या 'स्विमिंग पूल' या कलाकृतीचा वरचा भाग बंद ठेवतात, म्हणून आम्ही तैवानच्या मायकल लिनच्या भिंतीसमोर थांबलो. अख्ख्या भिंतीवर तिथल्या कागा युझेन या पारंपरिक रंगकामाच्या किमोनोवरची फुलं रंगवलीयेत आणि समोरच्या झुलत्या खुर्च्यांवरही तीच फुलं. आई अर्धा तास झुलत बसली, म्हणाली आपल्या पैठणीच्या पदरावरची फुलं अशी भिंतभर काढली तर काय दिसेल गं.

नंतर अनिश कपूरची खोली. हा मुंबईत जन्मलेला माणूस हे सांगितल्यावर आई सरसावून बघायला लागली. तिरप्या काँक्रिटच्या भिंतीत एक मोठा काळोखा लंबगोल, बास. भोक आहे, फुगवटा आहे की नुसता रंग लावलाय हे डोळ्यांना ठरवताच येत नाही. आई डावीकडून बघून आली, उजवीकडून बघून आली आणि हळूच म्हणाली, "विहिरीत वाकून बघितल्यासारखं पोटात होतंय." मी आजवर कपूरबद्दल जे काही वाचलंय त्यात इतकं नेमकं वाक्य मला मिळालं नव्हतं.

पाऊस थांबला आणि आम्ही पूलकडे गेलो. अर्जेंटिनाच्या लिआंद्रो एर्लिखचं हे काम, म्युझियम सुरू झालं तेव्हापासूनचं. वरून बघाल तर चौकात साधा पूल, कडेला फरशी, उतरायला शिडी, पाणी हलतंय. प्रत्यक्षात पाणी फक्त 10 सेंटिमीटर, त्याखाली जाड काच आणि काचेखाली निळसर रंगाची रिकामी खोली, जिच्यात माणसं कपड्यांसकट आरामात फिरतात! खाली जायला तिकीट आणि आधी बुकिंग लागतं, मी आईला एकटीलाच खाली पाठवलं आणि स्वतः वर काठावर थांबले, कारण मला ती वरून बघायची होती.

आणि ती दिसली. जांभळ्या साडीतली आई पाण्याच्या तळाशी उभी, लाटेबरोबर साडीचा काठ लांबतोय, आखूड होतोय, चेहरा क्षणभर विरघळतोय आणि परत जुळून येतोय. माझ्या शेजारी एक जपानी आजी वाकून बघत होत्या, आईने खालून हात हलवला तर आधी त्यांनीच हलवला, मग आईने नमस्कार केला, मग आजी कमरेत वाकल्या, मग आई परत वाकली, हे किती तरी वेळ चाललं. मला तेव्हाच कळलं की हा पूल नुसत्या पाण्याने आणि काचेने झालेला नाहीये, वर कोणी तरी आणि खाली कोणी तरी लागतंच, एर्लिखने अर्धी जागा अनोळखी माणसांसाठी मोकळी सोडलीये. फोटो काढायचंसुद्धा सुचलं नाही मला.

बाहेर हिरवळीवर फ्लोरियान क्लारच्या नळ्या आहेत, 12 भोंगे, जमिनीखालून दोन-दोन जोडलेले, पण शेजारचा भोंगा शेजाऱ्याशीच जोडलेला असेल असं नाही. आईने एकात तोंड घालून "ए, ऐकू येतंय का गं?" केलं, मी दुसऱ्या भोंग्यांना कान लावत पळतेय तोवर लांबच्या भोंग्याशी एक चारेक वर्षांचा मुलगा ओरडला "मोशी मोशी!", म्हणजे हॅलो. आई म्हणाली "काय रे बाळा?" आणि तो खिदळत "काय! काय!" करायला लागला. पाऊस परत भुरभुरायला लागला होता, मग त्याची आई त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिली आणि मी माझ्या आईच्या.