हरणाऱ्यालाही हसू यावे अशा शिक्षा

मित्रमंडळींच्या मेळाव्यात किंवा सहकाऱ्यांच्या पार्टीत कोणता खेळ खेळायचा यावर बराच खल होतो. हरणाऱ्याला शिक्षा काय द्यायची, हे मात्र डाव संपल्यावरच कोणाच्या तरी लक्षात येते. मग ऐनवेळी ‘गाणे म्हण’ किंवा ‘नाचून दाखव’ असा ठरलेला हुकूम सुटतो. ज्याला गाता येते तो खुशीत गातो, म्हणजे ती शिक्षा राहत नाही. ज्याला येत नाही तो अवघडून उभा राहतो आणि बाकीचे मोबाइलमध्ये डोके घालतात, म्हणजे गंमतही राहत नाही. माझे मत असे, की चांगली शिक्षा तीच, जी जवळपास कोणालाच धड जमत नाही. फजिती ज्याची त्याची नसून कामाचीच असली, की हरणारा सर्वांच्या आधी स्वतः हसतो.

अशा शिक्षांसाठी आपले शरीर हे फार मोठे भांडार आहे. हरलेल्या भिडूला खुर्चीवर बसवावे, उजवा पाय जमिनीपासून थोडा उचलून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गोल फिरवायला सांगावे आणि पाय फिरत असतानाच उजव्या हाताने हवेत इंग्रजीतला सहाचा आकडा काढायला सांगावे. आकडा पुरा होईपर्यंत पाय बहुतेक वेळा आपोआप उलट्या दिशेने फिरू लागलेला असतो. भिडू पायाकडे रोखून पाहतो, पुन्हा प्रयत्न करतो, आणि पाय पुन्हा दगा देतो. खरी मजा त्यानंतर येते, कारण ‘यात काय अवघड आहे’ म्हणत खोलीतला प्रत्येक जण गुपचूप आपापला पाय फिरवून पाहू लागतो.

दुसरी शिक्षा याहून सोपी दिसते. जाडसर पुठ्ठ्यावर लावलेला कागद कपाळावर धरायचा आणि त्यावर स्केचपेनने स्वतःचे नाव लिहायचे. अनेक जण नकळत आरशातल्यासारखी उलटी अक्षरे काढतात, कारण हात ते नाव आतून वाचत असल्यासारखा चालतो. देवनागरीत तर आणखी एक गंमत घडते: अक्षरे कशीबशी उमटतात, पण शेवटी ओढलेली शिरोरेषा त्यांच्या डोक्यावर न बसता कधी कमरेतून जाते, तर कधी अक्षरांना सोडून वर तरंगते. ते कागद भिंतीवर चिकटवून ठेवावेत. हे कोणाचे नाव आहे हे ओळखणे हाच पुढे वेगळा खेळ होतो.

रंगांची शिक्षा मला विशेष आवडते. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून ती घेता येते. एका कागदावर ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईने, ‘हिरवा’ पिवळ्या शाईने, ‘काळा’ लाल शाईने, असे वीसेक शब्द लिहून ठेवावेत आणि भिडूला शब्द न वाचता फक्त शाईचा रंग भरभर सांगायला लावावे. वाचनाची सवय इतकी मुरलेली असते, की डोळा शब्द आधी टिपतो आणि जीभ घसरते. ज्या मुलांना अजून वाचता येत नाही, त्यांना ही अडचण येतच नाही, त्यामुळे घरगुती मेळाव्यात एखादे चिमुरडे मोठ्यांना सहज हरवते. रंग ओळखण्यात ज्यांना मुळातच अडचण असते, त्यांच्यासाठी मात्र दुसरी चिठ्ठी तयार असावी.

जिभेच्या शिक्षांमध्ये ‘चटईला टाचणी टोचली’ किंवा ‘कच्चा पापड, पक्का पापड’ ही वाक्ये सर्वांना ठाऊक असतात, पण ती नुसती म्हणायला लावू नयेत. बातम्या देणाऱ्या निवेदकाच्या गंभीर चेहऱ्याने, एका दमात पाच वेळा म्हणायला लावावीत. चेहरा सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. याच जातीची एक आधुनिक शिक्षाही आहे. आपलाच आवाज सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका उशिरा आपल्या कानात ऐकवणारी ॲप मिळतात. हेडफोन लावून एखादा उतारा वाचायला सांगितला, की चांगला वक्तासुद्धा अडखळतो, शब्द लांबवतो, तीच अक्षरे पुन्हा उच्चारतो, कारण बोलताना माणूस स्वतःचे बोलणे सतत ऐकून सांभाळत असतो आणि तो आधारच येथे डळमळतो.

बोलण्याची आवड असलेल्यांसाठी एका मिनिटाचे भाषण ठेवावे. बीबीसी रेडिओवर १९६७ मध्ये सुरू झालेल्या एका कार्यक्रमाचा सगळा डोलारा याच अटींवर उभा आहे: दिलेल्या विषयावर साठ सेकंद, न अडखळता, न विषयांतर करता आणि शब्दांची पुनरुक्ती टाळून बोलायचे. विषय जितका क्षुद्र, तितकी मजा अधिक. ‘स्टेपलरची पिन’ किंवा ‘डावा मोजा’ या विषयावर वीस सेकंदांतच माणसाचे शब्द आटतात. कार्यालयातल्या मंडळींसाठी याची धाकटी बहीण अशी, की छपाईयंत्राच्या माहितीपुस्तिकेतला एक परिच्छेद प्रेमपत्रासारखा वाचायचा, किंवा बैठकीच्या सूचनेचे पत्र अटीतटीच्या सामन्याच्या धावत्या समालोचनासारखे ऐकवायचे. येथे अभिनय यावा लागत नाही. मजकूर आणि सूर यांचा मेळ न बसणे एवढेच पुरते.

काही शिक्षा एका झटक्यात न संपता पुढच्या डावापर्यंत चालू ठेवता येतात. भिडूने प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘असे जाणकार सांगतात’ असे म्हणायचे, ही त्यातली माझी सर्वांत लाडकी. ‘मला तहान लागली आहे, असे जाणकार सांगतात.’ ‘माझी खुर्ची कोणी घेतली, असे जाणकार सांगतात.’ विसरला, की आणखी एक डाव वाढला. मात्र अशी शिक्षा एका वेळी एकावरच असावी. तिघे-चौघे एकदम जाणकारांचे दाखले देऊ लागले, की कंटाळा येतो.

शिक्षा कोण देणार, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे, कारण सूड आणि लाडके-दोडके यांचा शिरकाव तेथूनच होतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये घरगुती खेळांत यावर एक सुरेख तोड होती. हरलेले सगळे आपली एकेक वस्तू जमा करीत: हातमोजा, किल्ली, रुमाल. मग एक जण ती वस्तू न्यायाधीशाच्या डोक्यावर, त्याला दिसणार नाही अशी धरत असे आणि ती कोणाची हे माहीत नसतानाच न्यायाधीश शिक्षा जाहीर करीत असे. ती भोगल्यावर वस्तू परत मिळे. आज ही पद्धत जशीच्या तशी वापरता येते. चिठ्ठ्यांनी खेळायचे असेल, तर प्रत्येकाने एक शिक्षा लिहावी आणि आपलीच चिठ्ठी आपल्याला निघू शकते हे सर्वांना आधी सांगावे. एवढे ऐकल्यावर लिहिणाऱ्यांची दुष्टबुद्धी बरीच नरमते.

काही गोष्टी मी चिठ्ठ्यांतून सरळ काढून टाकतो. तोंडात खाद्यपदार्थ कोंबणे किंवा कोरडी पूड गिळणे यांत घास अडकून जीव गुदमरू शकतो, त्यामुळे त्यांत विनोद शोधू नये. दारू पाजणे, दुसऱ्याचा फोन उघडून संदेश पाठवणे, कोणाला स्पर्श करायला लावणे, दिसण्यावरून किंवा पगारावरून बोलायला लावणे हेही नको, आणि सहकाऱ्यांत तर मुळीच नको, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी समोरासमोर बसायचे असते. परवानगीशिवाय चित्रीकरणही करू नये. प्रत्येकाला एकदा, कारण न सांगता, चिठ्ठी बदलण्याची मुभा द्यावी; तेवढ्या सोयीमुळे लाजाळू माणसेही खेळात उतरतात.

वेळेचे भान फार ठेवावे लागते. वीस जणांच्या घोळक्यात प्रत्येक शिक्षा अर्ध्या ते एका मिनिटात आटोपली पाहिजे, नाहीतर खेळ बाजूला राहतो आणि सगळे रांगेत उभे राहिल्यासारखे वाट पाहत बसतात. राहता राहिला साहेबांचा प्रश्न. त्यांच्यावर राज्य आले, की आयोजक गडबडून एखादी मिळमिळीत चिठ्ठी पुढे सरकवतात आणि ते सर्वांना कळते. त्यांनाही कपाळावर कागद धरायला लावावा. त्यांचीही शिरोरेषा अक्षरांच्या कमरेतूनच जाते.