मागे शॉकअप हवा का? 29 इंची सायकल घेतानाचा माझा अनुभव

जुनी 26 इंची माउंटन बाइक बदलायची ठरवली तेव्हा चाकाचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला होता. घ्यायची तर 29 इंचीच. घोडं अडलं होतं मागच्या शॉकअपपाशी. फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल घ्यायची, की पुढे-मागे दोन्हीकडे असलेली फुल सस्पेन्शन? दिवाळीनंतर विचारपूस सुरू केली आणि ऊन तापायला लागलं तेव्हा कुठे सायकल घरी आली. मधल्या काळात जे कळलं ते सविस्तर लिहिते. पुण्या-बंगळुरूचे लोक सांगतात ते त्यांच्या डोंगरांबद्दल असतं. आपल्या विदर्भातल्या जमिनीचा हिशेब वेगळा आहे.

आधी मी कुठे चालवते ते सांगते. मी राहते त्रिमूर्ती नगरात. रोज पहाटे अंबाझरीपर्यंत, जरा वेळ असला की हिंगण्याच्या पुढे मोहगाव झिल्पीचा तलाव. रविवारी काटोल नाक्यावरून फेटरीकडे, तिथून माहुरझरी, किंवा सरळ कळमेश्वर तालुक्यातल्या माहेरी. म्हणजे खडबडीत रस्ता लागायच्या आधी निदान दहा-पंधरा किलोमीटर डांबर तुडवावं लागतं. नागपुरात सायकलिंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रोड बाइकच येते. आपल्याच शहराच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी ओलांडायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केल्यापासून तर जास्तच. मातीतून चालवणारे थोडे, आणि त्यातल्या बायका आणखी थोड्या.

डांबर सुटल्यावर जे लागतं त्याला डोंगरातली ट्रेल म्हणता येणार नाही. शहराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर, आजूबाजूला सपाटी आणि मधेच एखादी टेकडी. सेमिनरी हिल्सचा चढ तर दम लागेपर्यंत संपतो. गोरेवाडा, पेंच ही जंगलं वन खात्याची, तिथे परवानगीशिवाय सायकल घालायची नाही, आणि तसं करूही नये. उरतात ते मुरमाचे रस्ते, गिट्टी टाकून वर्षानुवर्षं सोडून दिलेले रस्ते, पेंच प्रकल्पाच्या कालव्यांकाठच्या वाटा आणि पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट.

पांदण मला सगळ्यात प्रिय. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीची आणि ट्रॅक्टरची चाकं रुततात आणि दिवाळीपर्यंत ती चाकोरी तशीच वाळून टणक होते. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर वाळलेलं गवत, त्या गवतात बाभळीचे काटे. दोन्हीकडच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, बाभळी उभ्या असतात आणि शेतकरी कुंपणाला काट्याही टाकतात. ही जमीन बारीक बारीक, पण न थांबता हादरवते. उतार नाही, त्यामुळे वेगही नाही. सगळं अंतर पॅडल मारतच कापायचं.

चाकाबद्दल मी ठाम का होते, तेही सांगून टाकते. 29 इंची चाकाची रिम 622 मिलिमीटरची, म्हणजे रोड बाइकच्या 700 सी चाकाचीच. 26 इंचीची 559. जाड टायर धरून त्रिज्या साधारण सव्वा इंचाने वाढते. तेवढ्याने चाक दगडावर कमी तिरकस कोनात आदळतं आणि ओलांडून जातं. चाकोरीच्या काठावर 26 इंची चाक अडखळायचं, 29 इंची नुसतं वर चढतं. चाक जड असल्याने सिग्नलवरून सुटताना जरा जोर लागतो, तो मला मान्य होता.

आता मागच्या शॉकअपबद्दल. माझा भाचा पुण्यात असतो, वेताळ टेकडीवर आणि सातारच्या बाजूला चालवतो. त्याच्याकडे 130 मिलिमीटर ट्रॅव्हलची, म्हणजे चाक तेवढं वर-खाली होऊ शकेल अशी, फुल सस्पेन्शन आहे. फोनवर त्याचं एकच. "मावशी, तुझी कंबर दुखते ना? मग हार्डटेल घेऊच नको." शिवाय लंडनचं उदाहरण तयार. 2012 च्या ऑलिम्पिकमध्ये चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने 29 इंची फुल सस्पेन्शनवर क्रॉस कंट्रीचं सुवर्ण घेतलं, हे खरं. मी ती शर्यत शोधून पाहिली. त्याच्या मागे फक्त एका सेकंदाने आलेला निनो शुर्टर हार्डटेलवर होता आणि त्याची चाकं तर 27.5 इंची होती. दीड तासाच्या शर्यतीत एका सेकंदाचा फरक! त्यानंतर भाच्याने ऑलिम्पिक काढलं नाही, पण कंबरेचा मुद्दा उरलाच, आणि तो खरा होता. चाळिशी उलटल्यावर खुर्चीत बसून काम करणाऱ्या बाईची कंबर पांदणीवरून परतल्यावर बोलतेच.

दुकानं फिरताना एक गोष्ट लक्षात आली, ती नव्याने घेणाऱ्यांनी नीट ऐकावी. दहा-पंधरा हजारांत 'डबल शॉकअप' म्हणून ज्या सायकली मिळतात त्यांचा आणि या विषयाचा संबंध नाही. मागे साधी स्प्रिंग असते, तिला डॅम्पिंग, म्हणजे उसळी आवरणारी सोय नसते. दाबली की दाबली जाते, सोडली की उसळते. प्रत्येक पॅडलला सायकल खालीवर होते आणि तुमची ताकद त्या स्प्रिंगमध्ये जाते. त्या पैशात शॉकअप नसलेली हलकी सायकल शतपटीने बरी.

पुढच्या फोर्कचंही, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांच्या शॉकअपचंही, तेच. माझं वजन 56 किलो. स्प्रिंगचे फोर्क बहुधा 70-75 किलोच्या माणसाला धरून बनवलेले असतात. माझ्या जुन्या सायकलचा 100 मिलिमीटरचा फोर्क माझ्या वजनाने जेमतेम निम्मा वापरला जायचा, बाकी सगळा धक्का मनगटांत. हवेच्या फोर्कमध्ये आपल्या वजनाप्रमाणे दाब भरता येतो. म्हणून हलक्या वजनाच्या माणसांनी, विशेषतः मुलींनी, बाकी कशात तडजोड केली तरी एअर फोर्कवर करू नये.

नाताळच्या सुट्टीत भाचा सायकल घेऊन नागपूरला आला. आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीची हार्डटेल मागून घेतली. ती 29 इंची, 120 मिलिमीटर एअर फोर्कची, ट्यूबलेस. दोन्ही सायकली घेऊन आम्ही काटोल रोडवर जुनापाणीच्या बाजूला गेलो. तिथे महापाषाणयुगीन शिलावर्तुळं आहेत, सुमारे तीनशे. तो परिसर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, म्हणून आम्ही त्या हद्दीत न जाता बाहेरचा मुरूम आणि गिट्टीचा एक पट्टा निवडला आणि तोच दोन्ही सायकलींवर पुन्हा पुन्हा केला.

भाच्याने आधी मागचा शॉक माझ्या वजनाला लावला. शॉकच्या दांड्यावर एक रबरी रिंग असते. ती वर सरकवायची, सायकलवर नेहमीसारखं बसायचं, अलगद उतरायचं आणि रिंग किती खाली गेली ते मोजायचं. त्याच्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दांडा आत जाऊ शकतो ते अंतर, 50 मिलिमीटरचा, आपल्याला बसल्यावर त्यातला 25 ते 30 टक्के दाब हवा, म्हणजे 12 ते 15 मिलिमीटर. छोट्या पंपाने हवा सोडत, भरत, पुन्हा मोजत अखेर 14 वर आणलं. एवढं केल्याशिवाय कोणाची फुल सस्पेन्शन चालवून मत देऊ नये, कारण मालकाच्या वजनाला लावलेला शॉक तुम्हाला एकतर टणक लागेल नाहीतर बुडेल.

गिट्टीवर ती सायकल सुरेख चालली. सीटवरून न उठता, पॅडल न थांबवता मी तो पट्टा पार केला. मागचं चाक जमिनीला धरून राहत होतं, घसरत नव्हतं. कंबरेपर्यंत काही पोचलंच नाही. हे मी मनापासून सांगते, पैशाचा आणि देखभालीचा विचार नसता तर त्याच दिवशी निर्णय झाला असता.

मग हार्डटेल. मैत्रिणीने टायरमध्ये 30 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठेवली होती. पहिल्या फेरीत सीट खालून ठोकत होती. भाचा म्हणाला, "पाहिलंस?" मी थांबले आणि हवा कमी केली. पुढे 18, मागे 21. टायर 2.4 इंच रुंद, ट्यूब नाही, त्यामुळे रिम आणि दगडात ट्यूब चेपून पंक्चर व्हायची भीती नाही. दुसऱ्या फेरीत तीच गिट्टी, तीच सायकल, आणि ठोकणं बारीक थरथरीवर आलं. मोठ्या दगडांना सीटवरून जरा उठावं लागलं, गुडघे सैल ठेवावे लागले. फुल सस्पेन्शनइतकं मऊ नाहीच. पण माझ्या रस्त्यावरची बारीक हादर मोठं चाक आणि कमी हवेचं रुंद टायर मिळून बऱ्यापैकी खातात, हे तिथे हाताला आणि कंबरेला कळलं. मागचा शॉक आपली किंमत वसूल करतो तो लांब, दगडी, वेगाच्या उतारावर. तसा उतार मला हवा असेल तर गाडीवर सायकल टाकून चिखलदऱ्याकडे जावं लागेल.

परतीच्या डांबरावर दुसरा फरक कळला. भाच्याची सायकल 15 किलोच्या वर, हार्डटेल 13 च्या आसपास. शॉक लॉक केला, म्हणजे दबू नये असा बंद केला, तरी ते वजन समोरच्या वाऱ्यात घरापर्यंत ओढायचंच.

त्यानंतर मी देखभालीची चौकशी केली, आणि माझ्या मते निर्णय तिथेच झाला. फोर्कच्या खालच्या नळ्यांची साफसफाई आणि तेल साधारण 50 तास चालवल्यावर करायचं असतं. मागच्या शॉकची हवेची बाजूही जवळपास तेवढ्याच तासांनी उघडावी लागते. शिवाय मागच्या सांध्यांमधले बेअरिंग. मी विचारलं त्या प्रत्येक दुकानात फोर्कचं काम इथे होतं, पण शॉक पूर्ण उघडायचा तर पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, असं उत्तर मिळालं. तोवर सायकल भिंतीला उभी. आपल्या पांदणीवर मे महिन्यात पिठासारखी धूळ आणि जुलैत काळी माती, दोन्ही बेअरिंगच्या मुळावर उठणाऱ्या. काळी माती तर चाकाला अशी लपेटते की पन्नास पावलांत फ्रेम आणि टायरमधली फट बुजते. हार्डटेलमध्ये ती काडीने खरवडून निघते. फुल सस्पेन्शनमध्ये सांध्यांच्या कोपऱ्यांत बसते, आणि घरी आल्यावर जोरात पाण्याचा फवारा मारायचीही सोय नाही, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघतं.

माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने, जो माझी जुनी सायकल बरीच वर्षं सांभाळतो, हेच दोन वाक्यांत सांगितलं. "ताई, तुम्ही रोज चालवून राहिल्या. जे इथं खोलता येते तेच घ्या."

पैशाचं थोडक्यात. सायकलींवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेवढा दिलासा. तरी मला पसंत पडलेली हार्डटेल 85 हजारांच्या आसपास होती आणि त्याच दर्जाचे ब्रेक-गिअर असलेली फुल सस्पेन्शन दोन लाखांच्या पुढे.

मापाबद्दल मात्र थांबून सांगते, कारण दुकानात हे कोणी आपणहून बोलत नाही. माझी उंची पाच फूट तीन इंच. कमी उंचीच्या माणसाला 29 इंची चाकाच्या फुल सस्पेन्शनवर तीव्र उतारावर मागे सरकलं की मागचं टायर अंगाजवळ येतं, म्हणून काही कंपन्या लहान फ्रेमला 27.5 इंची चाकंच देतात. हार्डटेलमध्ये मला स्मॉल फ्रेम बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं राहिल्यावर वरच्या नळीला पुरेसं अंतर राहतंय ना, ते पाहिलं. दुकानदार मीडियम देऊ पाहत होता कारण तीच शिल्लक होती. मी तीन आठवडे थांबले, स्मॉल मागवली.

वाचलेल्या पैशातले थोडे लगेच सायकललाच लावले. मागे 2.4 चं जाड बाजूचं टायर, दोन्ही चाकं ट्यूबलेस, आणि ड्रॉपर पोस्ट, म्हणजे हँडलवरच्या खटक्याने सीट खाली-वर होते. कंबरेसाठी हा शेवटचा खर्च सगळ्यात कामाचा ठरला. खराब पट्टा आला की सीट खाली, मी पॅडलवर उभी, धक्का पायांत जिरतो.

काट्यांचं म्हणाल तर पहिल्याच पांदणीनंतर मागच्या टायरमधून बाभळीचे काटे चिमट्याने उपटले. प्रत्येक भोकातून पांढरं सीलंट, म्हणजे ट्यूबलेस टायरमध्ये भरलेलं भोक बुजवणारं द्रव, बुडबुडत बाहेर यायचं, चाक फिरवून भोक खाली आणलं की दोन-चार सेकंदांत फेस थांबायचा. दाबमापकावर दोन पीएसआय कमी. ट्यूब असती तर घरापर्यंत ढकलत आणावी लागली असती. पण हे लेटेक्सचं सीलंट आपल्या 45 अंशांत लवकर वाळतं. फेब्रुवारीत भरलेलं एप्रिल संपता संपता तपासलं तर तळाशी रबराची गोळी आणि जरासं पाणी उरलं होतं. म्हणून उन्हाळ्यात दर महिन्याला काडी घालून बघते आणि दोन महिन्यांनी भरतेच. सोबत एक 26 इंची ट्यूब ठेवते. खेड्यातल्या दुकानात 29 इंची मिळत नाही, आणि अडीअडचणीला 26 ची ताणून 29 च्या चाकात बसते. व्हॉल्व्हचा पितळी अॅडॉप्टरही खिशात असतो, नाहीतर पंक्चरवाल्याचा पंप बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला लागतच नाही.

भाचा दिवाळीत पुन्हा येतो आहे. चिखलदऱ्याचा बेत आहे, तिथे मी त्याची सायकल मागून घेणार आहे आणि घाटातला उतार त्याने माझ्या हार्डटेलवर करायचा, असं ठरलंय. तोवर फोर्कचे 50 तास भरत आलेत. पाऊस लागायच्या आधी तेल बदलायचं म्हणून मेकॅनिककडे शनिवारची वेळ घेतली आहे.