सरासरी भरली, पण कधी आणि कुठे?

दुष्काळ जाहीर करा म्हणणारा आणि कशाला म्हणणारा, दोघंही पावसाचाच आकडा पुढे करतात. सोलापुरात हा वाद ठरलेला. आधी विचारावं, टक्केवारी कशाची? आजच्या तारखेपर्यंतच्या सरासरीची, की जून ते सप्टेंबर अख्ख्या हंगामाची? ऑगस्टअखेरचे '६० टक्के' पहिल्या हिशेबात मोठी तूट, दुसऱ्यात फारसे वावगे नाहीत. इथला सगळ्यात ओला महिना सप्टेंबर. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस तर हंगामाच्या बेरजेत येतच नाही, आणि रब्बी ज्वारीची भिस्त बरीचशी त्याच्यावरच.

मग रोजच्या नोंदी काढाव्यात. दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. २.५ मिमीच्या खालचा दिवस 'पावसाचा' धरत नाहीत. समजा महिन्यात १५० मिमी झाला आणि त्यातला ११० एका रात्रीत. कागदावर सरासरी भरते. पाणी ओढ्यातून निघून जातं, उडीद माना टाकतो. म्हणून केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत पावसाच्या खंडाचा वेगळा विचार आहे. महिन्याऐवजी आठवड्याचा तक्ता मांडा, तोही तालुक्याचा नको, मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या महसुली गटाचा. करमाळ्यातली सर सांगोल्याचं रान भिजवत नाही. आणि उजनी भरली हा तर पुरावाच नव्हे. ती मुख्यतः पुण्याकडच्या घाटातल्या पावसावर भरते.

एखाद्याच मंडळाचा आकडा शेजाऱ्यांच्या बरोब्बर निम्मा येत असेल तर पर्जन्यमापक पाहा. २०० चौ. सेंमी तोंडाच्या मापकात १० मिमी म्हणजे २०० मिलि पाणी. १०० च्या मापकाला २०० चं मोजपात्र वापरलं की पाऊस निम्माच दिसतो. मापकाशेजारी वाढलेली बाभळही पाऊस खाते.

वणव्याचं गणित दुष्काळाच्या उलटं. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर पेटतं ते गवत, आणि गवत वाढतं चांगल्या पावसात. दुष्काळी वर्षी ते विरळ, त्यातलंही गुरांनी खाल्लेलं. आग फार पळत नाही. त्यामुळे 'यंदा पाऊस बरा, वणव्याची चिंता नको' हे साफ चुकीचं. अशाच वर्षी जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, फेब्रुवारीआधी काढून व्हाव्यात. मार्चमधल्या ५ मिमी अवकाळीवरही विसंबू नये. वाळलेलं गवत एका उन्हात पुन्हा पेटण्याजोगं होतं.

उपग्रहाचे आगीचे ठिपके मोजणाऱ्यांनी मात्र ठिपक्याखाली माळ आहे की उसाचा फड, हे आधी नकाशावर पाहावं. पाचट जाळलं तरी ठिपका उमटतोच.