सहाशे दिवे, पाच इमारती आणि मे महिन्यातली दुपार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं दिव्यांचं काम माझ्याकडे होतं. मागांच्या दोन शेड, डाईंग, शिलाई-पॅकिंगचा हॉल आणि गोडाऊन, सगळे मिळून सहाशेच्या आसपास दिवे. मालकांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं, ‘पाळी बंद राहणार नाही आणि चालू मागांवरून केबल ओढायची नाही.’ म्हणून कंट्रोल वायरलेस घ्यायचं ठरलं, ब्लूटूथ मेशवर. त्यात दिवेच एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात. शिवाय त्याचे जाहिरात चॅनेल, म्हणजे ज्यांवरून हे निरोप हवेत सोडले जातात ते, वाय-फायच्या 1, 6 आणि 11 या चॅनेलना चुकवून ठेवलेले असतात. आवारात वाय-फायवरचे कॅमेरे भरपूर होते, त्यामुळे ही गोष्ट मला महत्त्वाची वाटली.

नकाशावर दोन्ही शेड एकमेकींना चिकटून दिसतात. प्रत्यक्षात मधे पत्र्याची भिंत आहे, आणि पत्र्यापलीकडे सिग्नल धड जात नाही. म्हणून प्रत्येक इमारतीचं नेटवर्क वेगळं ठेवलं आणि ऑफिसच्या लॅन केबलने ती जोडली. एका इमारतीत बिघाड झाला तरी बाकीच्या चारांना धक्का नको, हेही त्यात आलंच. सप्लायरचा माणूस सगळ्याच दिव्यांना रिले, म्हणजे निरोप पुढे पाठवणारे, करा म्हणत होता. मी ते मान्य केलं नाही. एकाच हॉलमध्ये शंभर दिवे तोच निरोप पुन्हा पुन्हा बोलायला लागले तर हवेत नुसती गर्दी होते. ठरावीक अंतरावरचे मोजके दिवे रिले ठेवले आणि दिवे जास्त चटपटीत चालू लागले.

खरी मेहनत सेन्सरवर गेली. पीआयआर सेन्सर माणूस ओळखतो तो अंगाच्या आणि मागच्या भिंतीच्या तापमानातल्या फरकावरून. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखालची भिंत आणि फरशीही तापून अंगाच्या जवळ येते, मग सेन्सरला फरकच दिसेना. डिसेंबरात पास झालेला सेन्सर मेमध्ये नापास होऊ शकतो. म्हणून नमुन्याचे सेन्सर शिलाई हॉलमध्ये लावून आम्ही भर उन्हाळ्यात दुपारी तपासणी ठेवली. एक मावशी टॉवेलची कड शिवत बसल्या होत्या, हात तेवढे हलत होते, आणि त्यांच्या डोक्यावरचा दिवा मंद झाला. ‘अहो, सुई दिसंना की!’ त्या ओरडल्या. त्या एका वाक्यावर आम्ही हॉलचं सगळं सेटिंग ठरवलं: हालचाल दिसेनाशी झाल्यावर दिवा मंद होण्याआधी थांबण्याची वेळ वाढवली आणि पाळी चालू असताना दिवा टेबलावरच्या कामाला पुरेल त्याच्या खाली उतरणारच नाही, असं केलं.

गोडाऊनला मायक्रोवेव्ह सेन्सर घेतले, त्यांना उष्णतेशी देणंघेणं नसतं. पण ते पातळ पार्टिशनच्या पलीकडची हालचालही पकडतात, म्हणून संवेदनशीलता उतरवावी लागली. मागांच्या शेडमध्ये दोन्ही प्रकार नाकारले. तिथे माग सतत हलत असतो आणि माणूस मागाशी वाकलेला असताना दिवा विझणं म्हणजे अपघाताला बोलावणं. तिथे फक्त पाळीचं वेळापत्रक आणि खिडकीकडच्या रांगांना उजेडाचा सेन्सर.

त्याच शेडमध्ये दिवा मंद करून माग सांभाळणाऱ्या जॉबर मामांना फिरत्या चाकाकडे बघायला सांगितलं. स्वस्त ड्रायव्हरचा (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा अतिवेगाने लुकलुकतो, नुसत्या डोळ्याला ते कळत नाही, पण त्या उजेडात फिरतं चाक थांबल्यासारखं दिसू शकतं. मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये नमुन्याच्या एका दिव्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. तो ड्रायव्हर तिथेच रद्द केला, दर कमी असूनही.

भिंतीवरच्या बटणांचा प्रश्न वेगळाच. बटण बंद केलं की दिव्याचा सप्लायच जातो आणि तो मेशमधून बाहेर पडतो. म्हणून सप्लाय कायम चालू ठेवून बटणांच्या जागी दाबल्यावर स्वतःच वीज तयार करणारे, सेल न लागणारे वायरलेस स्विच बसवले. लाईट जाऊन आली की सगळे ड्रायव्हर एकदम करंट खेचतात, त्यासाठी सी कर्व्हचे, म्हणजे असा क्षणभराचा झटका सोसणारे, एमसीबी घेतले आणि लाईट आल्यावर दिवे पूर्ण उजेडातच सुरू होतील असं ठरवून दिलं. आणीबाणीचे दिवे मात्र या सगळ्यापासून पूर्ण बाजूला ठेवले.

वायरमन अण्णांशी माझा आग्रह एकाच गोष्टीचा होता: दिवा शिडीवर चढण्याआधी त्याचा पत्ता, म्हणजे नेटवर्कमधली त्याची ओळख, वाचायचा. प्रत्येक दिव्याचे दोन स्टिकर, एक बॉडीवर, दुसरा नकाशावर त्याच जागी. दिवा वर गेल्यावर सहाशेंतला कोणता कुठे हे शोधायचं तर एकेक लुकलुकवत बसावं लागतं. अण्णांना आधी ही कटकट वाटली. पण शेडच्या तिसऱ्या रांगेतला एक दिवा बंद पडला तेव्हा त्यांनी कुणालाही न विचारता नकाशा उघडला आणि नेमका तोच बदलला.

नेटवर्कच्या किल्ल्या, म्हणजे ज्यांच्याशिवाय सेटिंग बदलताच येत नाही त्या, एकाच मोबाईलमध्ये राहू दिल्या नाहीत. तो मोबाईल हरवला तर प्रत्येक दिवा रीसेट करून पुन्हा जोडावा लागेल. एक प्रत मालकांच्या तिजोरीत, एक माझ्याकडे, आणि स्टिकरचा नकाशा लॅमिनेट करून मेन पॅनेलच्या दाराला आतून लावला आहे.