सुपारी, ठोका आणि लॅपटॉप

नाशिक, शनिवार रात्र

हिवाळा आला की गंगापूर रोडच्या कट्ट्यांवर कॉन्सर्टच्या गप्पा सुरू होतात, आणि चहा संपेपर्यंत कुणीतरी म्हणतंच, "तो बँड आता विकला गेला." जाहिरातीला गाणं दिलं, सिनेमात गेले, लग्नाची सुपारी घेतली, की बसला शिक्का.

पैसे घेणं हाच गुन्हा धरायचा तर पंचवटीत राहून गेलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनाच आधी जाब विचारावा लागेल. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातलं गाणं त्यांनी तिकीट लावून चारचौघांत आणलं. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते कुणा एका संस्थानिकाच्या जिवावर नाही. मैफलींचं उत्पन्न आणि लोकांच्या देणग्या यांवर. पुढे मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. म्हणजे तिकिटं विकून गबर झाले असंही नाही.

तेव्हा बिदागी किती, हे सोडून द्यावं. त्या पैशानं स्टेजवर काय बदललं ते बघावं. आणि ते चक्क ऐकू येतं.

लॅपटॉपचंच घ्या. हल्ली बहुतेक मोठ्या शोमध्ये ड्रमरच्या कानात क्लिक असते, म्हणजे मेट्रोनोमची टकटक. लॅपटॉपमधून एका चॅनेलवर ही क्लिक फक्त वादकांच्या इन-इअरला, म्हणजे कानातल्या हेडफोनला जाते, दुसऱ्यावरून आधी रेकॉर्ड केलेले व्हायोलिन, कोरस, सिंथ वगैरे मिक्सरला, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला देणाऱ्या यंत्राला. यात पाप काही नाही. वीस व्हायोलिनवाले गाडीत घालून कोण फिरणार? घोळ होतो तो वेगळाच. गायकानं एक ओळ लवकर उचलली तर ट्रॅक थांबत नाही, सगळ्या बँडला उडी मारून त्याला गाठावं लागतं. केबलची अदलाबदल झाली तर क्लिकच स्पीकरमधून बाहेर येते आणि अख्खं मैदान टकटक ऐकतं. या भीतीपोटी मग गाणं वाढवणं बंद, मधला सोलो, म्हणजे एकट्याचं वादन, मोजून तेवढाच, रोज तोच वेग. माझ्या लेखी विकलं जाणं इथे सुरू होतं.

ओळखायचं कसं? स्टेजवर गाणारी दोन माणसं आणि कोरस सहा जणांचा. माइक प्रेक्षकांकडे वळवला तरी गायकाचा आवाज चालूच. टाळ्या कितीही पडोत, पुढचं गाणं ठरल्या सेकंदाला सुरू. याची परिसीमा मिली व्हॅनिली या पॉप गायकांच्या जोडगोळीनं गाठली. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिस्टल इथे चालू कार्यक्रमात ट्रॅक अडकला आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहिली. पुढच्या वर्षी मिळालेलं ग्रॅमी त्याच वर्षी परत घेतलं गेलं, कारण अल्बमवरही आवाज त्यांचे नव्हते.

उलट उदाहरण लोकगीतांनी नावारूपाला आलेल्या अमेरिकन गायक बॉब डिलनचं. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात त्यानं इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि लोकगीतवाले खवळले. मे १९६६ मध्ये मँचेस्टरला प्रेक्षकांतून एकजण "जुडास!" ओरडला, म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. जो माणूस रोज रात्री शिव्या खाऊन नवंच वाजवत होता, त्यालाच लोक गद्दार म्हणत होते. (न्यूपोर्टला राग गिटारचा कमी आणि वाईट साउंडचा जास्त होता, असंही सांगणारे आहेत. मला ते पटतं.) गंमत म्हणजे मँचेस्टरचं ते रेकॉर्डिंग कित्येक वर्षं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचं म्हणून चोरून विकलं जात होतं. अविस्मरणीय कॉन्सर्टच्या आठवणींवर कितपत विसंबावं ते यावरून कळतं.

रविवार

आपल्याकडच्या उघड्यावरच्या शोबद्दल थोडं. सुला वायनरीचा संगीत महोत्सव सुलाफेस्ट २००८ मध्ये सुरू झाला तेव्हापासून द्राक्षबागेतला शो नाशिकला नवा राहिलेला नाही, पण हवेचा हिशेब फार थोडे ठेवतात. साउंड चेक दुपारी चारला उन्हात आणि शो आठला गारठ्यात. गारठ्यात गिटारच्या तारा आखडतात, सूर चढतो. बासरीतली हवा थंड असते, तिचा सूर उतरतो. कीबोर्ड मात्र जागचा हलत नाही. त्यामुळे पहिल्या दोन गाण्यांत बासरी आणि गिटार एकमेकांशी भांडतात. थांबून सूर लावणाऱ्या बँडवर शिट्ट्या मारू नयेत. तेवढा वेळ खरं वादन चाललेलं असतं.

उभं राहायची जागा मिक्सरच्या आसपास. साउंडवाला जे ऐकतो तेच तिथे मिळतं. स्टेजला खेटून उभं राहिलं की सबचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, धक्का छातीत बसतो आणि शब्द डोक्यावरून जातात. फार मागे असाल तर मैदानाच्या मध्ये उभ्या केलेल्या स्पीकरच्या टॉवरवर भिस्त. आवाजाला एक मीटर जायला साधारण २.९ मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्टेजपासून ६० मीटरवरच्या टॉवरला सुमारे १७५ मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो. तो दिला नाही तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. आणि सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते, त्यामुळे आवाज खाली वाकून लांबवर पोचतो. दूरच्या वस्तीत शब्द कळत नाहीत, बास मात्र खिडक्या हलवतो. तक्रार तिथूनच येते.

हवेचा फटका ढोलालाही बसतो. चामड्याचं पान ओलं झालं की सैल पडतं, दोऱ्या कितीही ओढा, घुमारा येत नाही. म्हणून फायबरचं पान आलं. जुनी मंडळी त्यालाही बाजारूपणा म्हणतात. मी म्हणत नाही, पावसापुढे काय करणार? खरा तोटा अर्ध्या तासाच्या सुपारीनं केला. ताशानं संथ धरून लय हळूहळू चढवायची, ढोलांनी मागून यायचं, यालाच मुळी वेळ लागतो. नवरदेव घोड्यावरून उतरायच्या आत सगळं उरकायचं म्हटल्यावर थेट दुडक्या चालीवरच सुरुवात होते, आणि मग पुढे चढायला जागाच उरत नाही.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले काही ठराविक दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, एरवी दहा म्हणजे दहा. शो तर उशिरा सुरू होणारच. साडेनऊला यादीतली तीन गाणी शिल्लक आणि वेळ दोनचाच, तेव्हा बँड हिट गाणं गाळतो की नवं, तेवढं बघावं.