मोठ्या लेथची निवड आणि त्याची पूर्वतयारी

बाकावर बसणाऱ्या लहान लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, लाकूड कातता कातता एक वेळ अशी आली, की मला हवी असलेली भांडी त्या यंत्रात मावेनाशी झाली. त्याचा स्विंग, म्हणजे बेडच्या (यंत्राच्या आडव्या पाट्याच्या) वर फिरू शकणारा जास्तीत जास्त व्यास, ३०० मिलिमीटर आणि किमान वेग मिनिटाला ५०० फेरे होता. व्यासाची मर्यादा कोणाच्याही लक्षात येते. मला मात्र खरा जाच वेगाच्या मर्यादेचा होत असे. झाडाच्या ओंडक्यातून काढलेला ओबडधोबड ठोकळा कधीच समतोल नसतो. मला हव्या त्या मोठ्या ठोकळ्यात केंद्रापासून २०० मिलिमीटरवर अर्धा किलो वजन जास्त असेल, तर ५०० फेऱ्यांना ते सुमारे २८ किलो वजनाइतक्या जोराने यंत्राला ओढते आणि ही ओढ प्रत्येक फेऱ्यात दिशा बदलत राहते. तोच ठोकळा २५० फेऱ्यांनी फिरवला, तर ओढ निम्मी नव्हे, चौथ्या हिश्शावर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. हा हिशेब मांडल्यावर नव्या लेथमध्ये मी सर्वप्रथम किमान वेग पाहायचे ठरवले आणि तो ५० ते १०० फेऱ्यांच्या दरम्यान नसेल, तर बाकी गुण वाचायचेच नाहीत, असा नियम घालून घेतला.

इतका कमी वेग मिळतो तो बहुधा थ्री-फेज मोटर आणि इन्व्हर्टर ड्राइव्ह (विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारे उपकरण) यांच्या जोडीने. दोन ते तीन हॉर्सपॉवरपर्यंतच्या मोटरसाठी सिंगल-फेज पुरवठ्यावर चालणारे ड्राइव्ह सहज मिळतात. पण माहितीपत्रकात शून्यापासून कमाल वेगापर्यंतचा आकडा एकाच ओळीत छापलेला असतो, त्यावर विसंबणे बरे नव्हे. ड्राइव्हने मोटरचा वेग निम्मा केला, की तिच्याकडून मिळणारी शक्तीही जवळपास निम्मी होते. मोठा ठोकळा कापताना हत्यार अडते ते नेमके इथे. म्हणून ड्राइव्ह असूनही पुलीच्या दोन किंवा तीन पायऱ्या हव्यात, म्हणजे पट्टा खालच्या पायरीवर घेऊन मोटर तिच्या सोयीच्या वेगाने पळते आणि स्पिंडल, म्हणजे ठोकळा फिरवणारा दांडा, सावकाश पण जोरकस फिरतो. पट्टा बदलण्याचा कंटाळा म्हणून एकाच पायरीचा लेथ घेणाऱ्यांचे मला नवल वाटते.

स्विंगसाठी मी ५०० मिलिमीटरवर थांबलो. मोठ्या भांड्यांसाठी एक जुना अंदाज उपयोगी पडतो: इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान असावा. वीस इंचांच्या भांड्याला त्यानुसार ३०० ते ४५० फेरे येतात. तपासताना आणखी एक बारकावा लक्षात आला. बेडच्या वर ५०० मिलिमीटर मोकळे असले, तरी टूलरेस्ट (हत्यार टेकवण्याचा आधार) धरणारा बँजो ठोकळ्याच्या खाली सरकवायचा असेल, तर तिथली जागा बरीच कमी भरते.

हेडस्टॉकबाबत, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या भागाबाबत, मी सर्वांत जास्त घोळ घातला. फिरणारे हेडस्टॉक वळवून भांड्यासमोर उभे राहता येते, पण परत सरळ करताना ते समोरच्या टोकाला आधार देणाऱ्या टेलस्टॉकशी पुन्हा जुळवावे लागते. बेडवरून सरकणारे हेडस्टॉक टोकाला नेले, तरी हाच फायदा मिळतो, शिवाय स्पिंडलची दिशा बदलत नाही. माझी पसंती सरकणाऱ्याला गेली. भांड्याच्या पोटात हत्यार घालताना बेडवर ओणवे होण्यातून सुटका व्हावी, हीच माझी मुख्य अपेक्षा आहे.

नव्या स्पिंडलचा आटा एम-३३ बाय ३.५ (३३ मिलिमीटर व्यास, ३.५ मिलिमीटर अंतराचे आटे) आहे, तर जुन्याचा एक इंच व्यासाचा, इंचाला आठ आट्यांचा. माझ्या चकमध्ये (ठोकळा पकडणाऱ्या जबड्यात) बदलता येणारा इन्सर्ट, म्हणजे आट्याचा सुटा तुकडा, असल्यामुळे नवा चक घेण्याची वेळ आली नाही. मोर्स टेपर (स्पिंडलमधले निमुळते भोक) मात्र दोन्हीकडे दोन क्रमांकाचाच असल्याने जुनी सेंटरे, म्हणजे त्यात बसणारी टोकदार आधारे, तशीच चालतील. लेथ उलटा फिरवून पॉलिशपेपर मारायचा असल्याने चक सुटू नये म्हणून इन्सर्टला अडकवणारे स्क्रू आहेत ना, हेही पाहून घेतले. थांबवण्याचे बटण चुंबकाच्या तळाच्या वेगळ्या पेटीत असावे, हा माझा आग्रह होता. हेडस्टॉकवरचे बटण दाबण्यासाठी फिरत्या ठोकळ्याच्या रेषेतून हात न्यावा लागतो, आणि ठोकळा सुटण्याची भीती असते तेव्हा त्याच रेषेत जाणे धोक्याचे असते.

ऑर्डर दिल्यानंतरचा काळ जागेच्या तयारीत गेला. इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र लाइन ओढून घेतली. ड्राइव्हमुळे काही गळतीरोधक ब्रेकर विनाकारण पडतात, म्हणून ड्राइव्हला चालणारा ब्रेकर निवडला. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच बसवायचा नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होते, तरी ते कागदावर लिहून ठेवले. स्पिंडलची उंची माझ्या कोपराच्या पातळीवर यावी म्हणून यंत्राच्या पायांखालच्या ठोकळ्यांचे माप आधीच काढले आहे.

यंत्राचे वजन ३०० किलोच्या आसपास असल्याने हेडस्टॉक, टेलस्टॉक आणि बँजो उतरवून बेड वेगळा आत आणायचा, असे मदतनिसांशी ठरले आहे. जागेवर बसल्यावर आधी पाय समतल करून बेडला पीळ नाही याची खात्री करायची, मग दोन्ही सेंटरांची टोके एकमेकांना भिडतात का ते पाहायचे. पहिल्या चाचणीसाठी बाजूला काढलेला ठोकळा २५० मिलिमीटरचाच आहे. मोठ्याला हात लावण्याआधी प्रत्येक पायरीवर यंत्र कोणत्या वेगाला थरथरते, हे मला नोंदवून घ्यायचे आहे.