एकाच पापाची कबुली वारंवार देणाऱ्यांसाठी

काही विश्वासणारे वर्षानुवर्षे एकाच पापाची कबुली देत राहतात. प्रार्थनेची सुरुवात त्यानेच होते, आणि प्रभुभोजनाआधीच्या शांततेतही तेच आठवते. क्षमेची वचने तोंडपाठ असतात, पण मनावरचे ओझे जागचे हलत नाही. अशा माणसाला बहुधा ‘अजून प्रार्थना करा’ असे सांगितले जाते. मला हा सल्ला पटत नाही, कारण बहुतेक वेळा प्रार्थना कमी पडलेली नसते. कधी कबुली नेमकी झालेलीच नसते, कधी भरपाई राहिलेली असते. आणि पुष्कळदा दोन्ही होऊनही माणूस निकाल लागलेला खटला रोज नव्याने चालवत असतो. या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की दुखणे वाढते.

आधी कबुली. ‘प्रभू, माझ्या सर्व पापांची क्षमा कर’ ही रोजची प्रार्थना म्हणून योग्यच आहे, पण एका जुन्या, ठसठसणाऱ्या पापासाठी ती फार मोघम ठरते. कागद घ्या आणि लिहा: काय केले, कोणाशी केले, किती काळ चालले. वाक्याचा कर्ता ‘मी’ असू द्या. ‘माझ्याकडून चूक घडली’ असे न लिहिता ‘मी खोटे बोललो’, ‘मी पैसे घेतले’ असे लिहा. अर्धे पान पुरते. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे कारणे देणे: त्या वेळची परिस्थिती, संगत, दुसऱ्याची आगळीक. दुसरी सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे अतिशयोक्ती. ‘मी आयुष्यभर सगळ्यांना फसवत आलो’ हे नम्रपणाचे वाटते, पण ते खरे नसते, आणि खोट्या आरोपाची क्षमा मागून मन मोकळे होत नाही. लिहिलेले देवासमोर मोठ्याने वाचा, 1 योहान 1:9 वाचा, क्षमेसाठी आभार माना आणि कागद नष्ट करा.

देवाची क्षमा ताटकळत ठेवत नाही, हे दावीद राजाच्या बाबतीत दिसते. बथशेबाशी व्यभिचार आणि तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, घडवून आणलेला मृत्यू यांहून भारी पापे शोधावी लागतील. तरी 2 शमुवेल 12:13 मध्ये दावीदाची कबुली एका वाक्याची आहे, आणि देवाने पाप दूर केल्याचे नाथान संदेष्ट्याचे उत्तर त्याच वचनात येते. परिणाम मात्र टळले नाहीत. मूल दगावले, घरात कलह राहिला. यावर मुद्दाम भर देतो, कारण मोडलेला संसार, गेलेली नोकरी किंवा बिघडलेली तब्येत पाहून अनेकांना वाटते की आपल्याला अजून क्षमा मिळालेली नाही. परिणाम भोगावे लागणे आणि क्षमा न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एकट्याने केलेली कबुली मनाला पुरत नसेल, तर याकोब 5:16 प्रमाणे एका माणसासमोर करा. कॅथलिक मंडळीत यासाठी पापनिवेदनाचा संस्कार आहे. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तो वर्षातून किमान एकदा बंधनकारक केला. त्यात ऐकलेले थेट उघड करणारा धर्मगुरू मंडळीतून बहिष्कृत होतो, त्यामुळे गुप्ततेची काळजी उरत नाही. इतर मंडळ्यांत माणूस पारखून घ्यावा लागतो. तो वयाने नाही तरी विश्वासाने प्रौढ असावा, दुसऱ्यांची गुपिते बोलून दाखवणारा नसावा, आणि लैंगिक पापांच्या बाबतीत पुरुषाने पुरुषाशी, स्त्रीने स्त्रीशी बोलावे. भेटण्याआधी सांगून ठेवा: ‘मला सल्ला नको, ऐकून घ्या आणि शेवटी क्षमेचे वचन मोठ्याने वाचा.’ दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकण्याने फार फरक पडतो. साक्षीच्या सभेत, म्हणजे मंडळीपुढे आपला अनुभव सांगताना, मात्र अशी कबुली देऊ नका. पाप तुमचे असले तरी त्यात अडकलेल्या दुसऱ्या माणसाची अब्रू तुमच्या मालकीची नाही. लहान मुलाला इजा झालेली असेल तर अनेक देशांत पाळकालाही अधिकाऱ्यांना कळवणे कायद्याने भाग असते. तशी गोष्ट दाबून ठेवण्याची अपेक्षा कोणाकडूनही करू नये.

भरपाईबद्दल उपदेशांत कमी बोलले जाते. कृपा फुकट आहे हे सांगण्याच्या भरात ती मागे पडते. पण शास्त्र याबाबत अगदी हिशेबी आहे. लेवीय 6 प्रमाणे लुबाडलेले परत करताना मूळ रकमेवर पाचवा हिस्सा अधिक द्यायचा. म्हणजे 1,000 घेतले असतील तर 1,200 परत. लोकांकडून जास्त पैसे उकळणाऱ्या जकातदार जक्कयाने लूक 19 मध्ये चौपट देऊ केले. त्याचा क्रमही महत्त्वाचा आहे: येशू आधी त्याच्या घरी आला, पैशांचे बोलणे नंतर झाले. भरपाईने क्षमा विकत मिळत नाही. क्षमा मिळालेला माणूस भरपाई करतो, आणि ती टाळली तर मन टोचत राहते, ते योग्यच आहे. ज्याचे देणे आहे तो वारला असेल तर? गणना 5:8 मध्ये त्याचीही सोय आहे: घेणारा नातलगच उरला नसेल तर रक्कम परमेश्वराला, म्हणजे याजकाकडे जाते. आजच्या घडीला याचा अर्थ मी असा घेतो: आधी वारस शोधा, ते नसतील तर तितकी रक्कम नाव न सांगता गरजूंना द्या आणि विषय संपवा.

पैशांपलीकडच्या दुखावण्यात माफी मागावी लागते, आणि तिथे बरेच जण घसरतात. ‘तुला वाईट वाटले असेल तर’ म्हणू नका. त्यातला ‘तर’ सगळे पुसून टाकतो. काय केले ते सांगा, त्याने समोरच्याचे काय नुकसान झाले ते सांगा, ‘अजून काही दुरुस्त करता येईल का’ असे विचारा आणि थांबा. क्षमेची मागणी करू नका. ‘प्रभूने मला क्षमा केली, आता तूही कर’ हे वाक्य तर अत्याचाराची पुनरावृत्ती होऊ शकते. समोरच्याने नकार दिला तरी तुमचे काम झालेले असते. आणि कधीकधी जाऊच नये. जुन्या संबंधातल्या व्यक्तीचा संसार सुरू असेल, किंवा तुमच्या हिंसेला बळी पडलेल्याला तुमचे दर्शनही भीतीदायक असेल, तर तुमच्या मनःशांतीसाठी त्यांची शांती मोडण्याचा हक्क तुम्हाला नाही. अशा वेळी आधी पाळकाशी किंवा समुपदेशकाशी बोला.

हे सगळे केले आणि तरी टोचणी राहिली, तर आता उलट दिशेने जायचे. पुन्हा कबुली द्यायची नाही. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी 1522 मध्ये स्पेनमधल्या माँटसेरात इथे तीन दिवस घेऊन, लिहून काढून, सर्व आयुष्याची कबुली दिली. तरी पुढे मानरेसात जुनी पापे नीट सांगितली की नाही या शंकेने ते इतके पछाडले की जीव द्यावा असे वाटू लागले. फक्त अगदी स्पष्ट असेल तेवढेच जुने पाप सांग, असे कबुली ऐकणाऱ्याने बजावूनही उपयोग झाला नाही, कारण त्यांना सगळेच स्पष्ट वाटत होते. सुटका झाली ती गतकाळाची कबुली पूर्ण बंद करण्याच्या निश्चयाने. इब्री 10:18 मध्ये क्षमा झाली तिथे पापासाठी आणखी अर्पण उरत नाही असे म्हटले आहे. रोजचे स्वतःला कोसणे हेही एक अर्पणच असते, आणि त्याची मागणी देवाने केलेली नाही.

आठवण आली की ती हुसकावू नका, वाद घालू नका. एक ठरलेले वाक्य म्हणा, आणि ते विनंतीचे नसून आभाराचे असावे: ‘प्रभू, याची क्षमा तू केली आहेस, तुझे आभार.’ मग हातातले काम पुढे न्या. मन शांत झाले का हे तपासत बसू नका, त्या तपासणीनेच ते पुन्हा ढवळते. अंतःकरण दोष देत असले तरी देव त्याहून थोर आहे, असे 1 योहान 3:20 सांगते. म्हणजे भावना मागे रेंगाळणे योहानाने गृहीत धरले आहे. ‘स्वतःला क्षमा करा’ अशी आज्ञा मात्र शास्त्रात कुठेच सापडत नाही. ज्याचा अपराध झाला तो क्षमा करतो. पौलाने मंडळीचा छळ केल्याचे 1 करिंथकर 15:9 मध्ये स्वतः लिहिले, आणि पुढच्याच वचनात देवाच्या कृपेचे व आपल्या श्रमांचे सांगितले. तो भूतकाळ लपवत नाही आणि त्यात राहतही नाही.

यहूदा आणि पेत्र यांच्याकडे या अंगाने पाहावे. यहूदाला पस्तावा झाला, त्याने चांदीची 30 नाणी परत नेली, निर्दोष माणसाला धरून दिल्याचे कबूलही केले. पण हे सगळे त्याने मुख्य याजकांपुढे केले, आणि त्यांनी ‘तुझे तू पाहा’ म्हणून त्याला वाऱ्यावर सोडले. तो येशूकडे गेला नाही. येशूला तीनदा नाकारून पेत्र रडला, पण शिष्यांत राहिला, आणि योहान 21 मध्ये येशूने त्याच्याकडून नाकारण्याचा हिशेब मागितला नाही. प्रेम आहे का, एवढेच तीनदा विचारले आणि मेंढरे सांभाळायला दिली.

‘आपण क्षमा न होणारे पाप केले’ ही भीती धरून बसलेल्यांनी मार्क 3:28-30 सलग वाचावे. येशूमध्ये अशुद्ध आत्मा आहे असे म्हणणाऱ्या शास्त्र्यांना उद्देशून ते शब्द आहेत. क्षमेसाठी तळमळणारा माणूस त्यांच्या जागी उभा नाही.

दिवसातला बराच वेळ याच विचारात जात असेल, प्रार्थना ‘बरोबर झाली नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा म्हटली जात असेल, तर तो विश्वासाचा दुबळेपणा नाही. तो मंत्रचळ हा आजार असू शकतो आणि त्यावर औषधे व वर्तनोपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि पाळकालाही सांगा की ‘मला क्षमा मिळाली ना?’ या प्रश्नाला त्यांनी दर वेळी उत्तर देऊ नये. प्रत्येक उत्तराने काही तास दिलासा मिळतो आणि मग शंका अधिक जोमाने परतते. महिन्यातून एक ठरलेली भेट पुरेशी आहे. जीव द्यावासा वाटत असेल तर त्या भेटीची वाट पाहू नका. आजच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा.